दिवसाला एकच डोंगर

आमच्या घरमालकांना घाईतला माणूस दिसला की ते त्याला आधी खाली बसवायचे. मग पाणी द्यायचे. मग विचारायचे, "हं, आता सांगा, कुठली गाडी चुकली?" समोरचा म्हणायचा, गाडी नाही हो, गॅसचा नंबर लावायचाय. ते म्हणायचे, "तेच ते."

सगळी नोकरी एसटीत झालेली. त्यातली शेवटची बरीच वर्षं स्टँडवरच्या काचेच्या खोलीत, माईकसमोर. भोरमध्ये त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी कॉलेजची तीन वर्षं राहिले आणि सरकारी कचेरीत नोकरी लागल्यावर पुन्हा तिथंच आले. आम्ही खोलीवरच्या मुली त्यांना कंट्रोलरकाका म्हणायचो. निवृत्त झाले तरी त्यांचा माईक सुटला नव्हता. सकाळी जिन्याखालून आवाज यायचा, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. स्वयंपाकघराहून सुटणारी चहाची फेरी फलाट क्रमांक एकवर लागत आहे." आतून काकू ओरडायच्या, "फेरी रद्द! दूध नासलंय." मग काका तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

आता दोघं पुण्याला मुलाकडे असतात. तिथल्या लिफ्टमध्येसुद्धा ते घोषणा करतात, असं काकूंनी फोनवर सांगितलं. मला खोटं वाटलं नाही.

इतकी वर्षं लोक बसमागे धावताना बघून या माणसाला धावण्याचाच राग आला होता. ते स्वतः कधी धावले नाहीत. पाऊस आला तरी नाही, कुत्रं मागं लागलं तरी नाही. म्हणायचे, "धावत येणारा लवकर चढतो. गाडी तिच्याच वेळेला सुटते."

हाच नियम ते सहलीला लावायचे. एकदा काकूंना घेऊन म्हैसूरला गेले. पाच दिवस राहिले आणि राजवाडा अर्धाच बघून आले. का, तर अर्ध्यावर एक छत इतकं आवडलं की त्याच्याखालीच बसून राहिले. गल्लीत सगळे हसले. शेजारचे मास्तर म्हणाले, "अहो, एवढं भाडं घालून गेलात, अर्धा राजवाडा सोडून आलात?" काका म्हणाले, "सोडून कुठं आलो? तिथंच आहे तो."

तरी गल्लीतला माणूस कुठंही निघाला की आधी काकांकडे यायचा. जुन्या वेळापत्रकांच्या कोऱ्या पाठीवर ते सहल आखून द्यायचे. पहिल्या कागदावर गावाचं नाव नसायचं. तिथं लिहायचे 'घर'. मागं कोण राहणार, झाडांना पाणी कोण घालणार, म्हाताऱ्यांना गोळ्या कोण देणार. तो कागद भरल्याशिवाय दुसरा घ्यायचे नाहीत. "ज्याचं घर मागं ओरडतंय, त्याला ताजमहाल दाखवून उपयोग काय?" असं त्यांचं म्हणणं.

मी वेल्ह्याकडच्या पासली गावाच्या वरच्या धनगरवस्तीवरची. वस्तीतली पहिली पदवीधर. हे मी न विचारता सांगते. आमच्या पाच घरांतलं माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं, तेव्हा लाजायचं कारण नाही.

आमच्या घरात, चुलीच्या वरच्या भिंतीला, कॅलेंडरचं एक जुनं पान खिळ्याला अडकवलेलं होतं. जयपूरचा हवामहल. वर्ष कधीच संपलं, पान राहिलं. धुरानं पिवळं पडलं. आई भाकरी थापताना त्याच्याकडं बघायची. मी शाळेत जायला लागल्यावर तिनं विचारलं, "एवढ्या खिडक्या कशाला गं?" मी वाचून सांगितलं, राण्यांना बाहेरचं बघता यावं म्हणून. आपण दिसायचं नाही आणि रस्ता बघायचा. आई म्हणाली, "आसं व्हय." आणि थोड्या वेळानं, "काय बघत आसतील?"

तेव्हाच मी ठरवलं होतं, नोकरी लागली की आईला तिथं न्यायचं.

पण आई आप्पांशिवाय, म्हणजे माझ्या वडिलांशिवाय, जाणार नाही, आणि आप्पांचा एक जुना मामला होता. नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी मी दोघांना वेरूळ-अजिंठ्याला नेलं होतं. आखणी माझीच. दोन दिवस, अकरा ठिकाणं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा नाहीत. आंघोळीला गेले म्हणून वाट बघितली, तर दुपारी कुणाच्या तरी मोबाईलवरून त्यांचाच फोन आला की वस्तीच्या वाटेवर आहे. तीन एसट्या बदलून एकटे निघून गेले होते. आई माझ्याबरोबर होती, पण उरलेल्या दिवसात तिनं एकाही मूर्तीकडं मान वर करून बघितलं नाही. घरी आल्यावर मी विचारलं, तर आप्पा म्हणाले, "म्हस वाट बघत आसंल, आसं वाटलं." मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते.

म्हणून जयपूरचा बेत मी फार काळजीनं केला. संगणकावर तक्ता केला. रंग भरले. तीन दिवस, एकोणीस ठिकाणं, प्रत्येकासमोर वेळ. छापून काकांना नेऊन दाखवला. खरं सांगायचं तर शाबासकीसाठी नेला होता.

त्यांनी चष्मा लावून दोन वेळा वाचला. म्हणाले, "पाट्या छान रंगवल्यात. यात आई पाणी कुठं पितात?"

"बाटली असते ना बरोबर."

"आणि बसतात कुठं?"

"गाडीत."

"म्हणजे जयपूर उभ्यानं आणि गाडी बसून." कागद त्यांनी मला परत दिला. "हे वेळापत्रक उत्तम आहे. गाडीसाठी. आप्पांना विचारलंस?"

मी चिडले. म्हटलं, "काका, त्यांना काय विचारायचं? त्यांनी नकाशासुद्धा बघितलेला नाही."

"नकाशा मी दाखवतो. चल, रविवारी."

रविवारी नसरापूर, मार्गासनी, वेल्हे करत आम्ही पासलीला उतरलो आणि वर चढलो. चढ मी वीस मिनिटांत चढते. काकांना सव्वा तास लागला. चार ठिकाणी बसले. काकू मात्र पुढं निघून गेल्या होत्या. त्या माहेरच्या वरवे बुद्रुकच्या, शेणामातीत वाढलेल्या.

आप्पांनी घोंगडी अंथरली. काका बसले आणि एकदम मुद्द्यावर आले. "आप्पा, जयपूरला जायचं म्हणते पोर. चलता?"

"जनावर सोडून माणसानं जाऊ न्हाई, सायेब."

"बरोबर आहे," काका म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण काकांनी खिशातून कागद काढला. "मला एक सांगा, म्हशी चारायला नेता तेव्हा दिवसाला किती डोंगर करता?"

आप्पांनी त्यांच्याकडं असं बघितलं, जसं आमच्याकडं नव्या ग्रामसेवकाकडं बघतात. "किती म्हंजी? एकच की. सकाळी एक डोंगर. दुपारी पाण्याकडंला, सावलीला बसवायचं. रवंथ झाल्याबगर उठवायचं न्हाई. मग उन्हं कलली की हळूहळू घरला."

"आणि उठवलं तर?"

"दूध कमी."

"दूध कमी!" काकांनी मांडीवर थाप मारली. "तीस वर्षं मी हेच सांगतोय लोकांना, पण मला शब्द सापडत नव्हता." आणि तिथल्या तिथं त्यांनी जयपूर लिहून काढलं. सकाळी एक ठिकाण. बारा ते चार: रवंथ. संध्याकाळी पायी फेरी. पाचला फोन. येण्याजाण्यासकट आठ दिवस, तिथं पाच.

मी कागद बघितला. हवामहल चौथ्या दिवशी होता.

"काका, ज्याच्यासाठी चाललोय ते चौथ्या दिवशी? आप्पा मागच्या वेळी दुसऱ्या दिवशीच..." पुढचं मी गिळलं. आप्पा खाली बघत होते.

"पहिल्या दिवशी माणसाचे डोळे घरीच असतात," काका म्हणाले. "यायला तीन दिवस लागतात त्यांना. बरं, आता पहिला कागद. घर. इथं कोण राहणार?"

चुलत्याची स्वतःची वीस जनावरं. तो आमची शेरडं बघेल, पण मोरी म्हैस त्याला जवळसुद्धा येऊ देत नाही. मोरी म्हणजे आप्पांची लाडकी. दुसरी काशी, ती गरीब.

काकांनी कागदावर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. "घर: आम्ही दोघं."

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "सायेब, आवं म्हस हाय ती. घंटी मारली की निघायला एष्टी न्हाई."

"तीस वर्षं मी हट्टी प्रवाशांतच काढलीत, आप्पा. आणि धार ही काढेल."

"ही म्हंजी कोण? मी?" काकू म्हणाल्या. "मला विचारलंत का?"

"आता विचारतोय."

काकू मोरीकडं बघत उभ्या राहिल्या. मग पदर खोचला. "चाळीस वर्षांनी हात लावणार. लाथ मारली तर तुमच्या नावानं मारेल."

फेब्रुवारीत, भाताची सगळी कामं उरकल्यावर, दोघं तीन दिवस आधीच वस्तीवर येऊन राहिले. पहिल्या संध्याकाळी मोरीनं काकूंना थेंबभर दूध दिलं नाही. आई बघत होती. ती घरात गेली, आपलं नेसूचं जुनं लुगडं घेऊन आली आणि म्हणाली, "ह्ये नेसा. तिला माझा वास कळतोय." दुसऱ्या दिवशी काकू आईच्या लुगड्यात बसल्या. मोरीनं मान वळवून हुंगलं, बराच वेळ विचार केला आणि पान्हा सोडला. आप्पांनी मग आपली घोंगडी काकांच्या खांद्यावर टाकली. टोचते म्हणून काका आठ दिवस मान तिरकी धरून फिरले, पण काढली नाही.

जयपूरला आम्ही पोचलो त्या दिवशी फक्त हॉटेलच्या गच्चीवर बसलो. दुसऱ्या दिवशी आमेरचा किल्ला. आप्पांनी खालून वर बघितलं. "आपल्या तोरण्यापरीस बुटका हाय," म्हणाले, आणि चढले. दुपारी रवंथ. मला तो शब्द हॉटेलात उच्चारायची लाज वाटायची, पण आप्पा रोज बाराला मला विचारायचे, "रवंथाचं झालं का बघ."

आमच्या वस्तीवर मोबाईलला रेंज नाही. खालच्या वळणावर एक कातळ आहे, तिथं उभं राहिलं तर येते. काका रोज तेवढं उतरून पाचला फोन करायचे. मी स्पीकर लावायचे.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. मोरी म्हैस सकाळी आठ वाजता डोंगराकडे रवाना झाली. काशी म्हैस तिच्या मागून. दोन्ही म्हशी वेळेवर धावत आहेत."

"धावत न्हाईत ना?" आप्पा घाबरून विचारायचे.

"चालत आहेत. धावत आहेत असं म्हणायची पद्धत असते."

आप्पा फोन ऐकताना उभे राहायचे. संपला की बसायचे. घोषणा झाली की त्यांचा चेहरा सैल व्हायचा, मग ते आईला म्हणायचे, "चल, बाजार बघू."

तिसऱ्या दिवशी पाच वाजले, फोन आला नाही. सव्वापाच झाले. मी लावून बघितला, लागेना. साडेपाचला आप्पा आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पिशवी होती. टॉवेल, धोतर, सगळं भरलेलं.

"आप्पा."

"काय तरी झालंय. त्यो मानूस एक मिनिट उशीर करत न्हाई."

"आप्पा, उद्या आईचा हवामहल आहे."

"तुमी बघून या. म्या जातो. टेसनाची वाट म्हाईत हाय मला."

आई खाटेच्या कडेला बसली होती. पायातल्या चपला तिनं हळूच काढून खाटेखाली सारल्या, जणू उद्या त्या लागणारच नव्हत्या. ते बघून मला वेरूळची ती मान खाली घातलेली आई आठवली. माझ्या तोंडात वाईट शब्द आला होता. वडिलांना बोलू नये असा. आप्पा जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होते तेव्हा फोन वाजला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे." काकांना धाप लागली होती. "आजची घोषणा पन्नास मिनिटं उशिरानं होत आहे. कारण, मोरी म्हैस हरवली होती. सापडली आहे."

मला वाटलं, हे कशाला सांगितलं यांनी? खोटं बोलायचं ना सरळ. आप्पा पायरीवरून वर आले. "कुठं घावली?"

"झऱ्यापलीकडं. करवंदीच्या जाळीत."

"ती तिथं कशी गेली? ती झऱ्याच्या अलीकडं बसती. तिला उठवली कुणी?"

पलीकडं नुसता वारा ऐकू येत होता. मग काका घोषणेच्या नाही, साध्या आवाजात म्हणाले, "मी उठवली, आप्पा. चारला निघायचं होतं. पाच मिनिटं वर झाली होती. मी म्हटलं, फोनला उशीर होईल. काठी लावली. तशी ती उधळली." आणि मग आणखी हळू, "मी घाई केली."

मी आप्पांच्या तोंडाकडं बघत होते. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"सायेब, रवंथ झाल्याबगर उठवायचं न्हाई. तुमीच कागदावर लिवलंय न्हवं?"

"लिहिलंय."

"मग? फोन उशिरा झाला तर काय बिघाडतंय? आमी हितंच हाय. कुठं जातोय?"

आई हसली. आवाज न करता, तोंडाला पदर लावून. आप्पांनी टॉवेल पिशवीतून काढून पुन्हा खिळ्याला अडकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवामहल. समोरून आप्पांनी एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "कॅलेंडरावानीच हाय. तुमी या आतनं. म्या हितं बसतो." समोरच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. आत जायचं दार मागच्या बाजूला आहे, त्यामुळे आम्ही दोघी वळसा घालून गेलो. आई एकेक चढण थांबत थांबत चढली. मी घाई केली नाही. वर एका छोट्या खिडकीशी ती टेकली आणि बघत राहिली. लोक आले, फोटो काढले, गेले. आई हलेना.

मी विचारलं, "काय बघतेस गं?"

तिनं मला जागा करून दिली. खाली रस्त्यावर गर्दी, रिक्षा, उंटाची एक गाडी. पायरीवर आप्पा. त्यांच्यासमोर एक मोकाट गाय येऊन बसली होती, रवंथ करत. आप्पांनी हात गुडघ्यावर टाकले होते आणि तेही नुसतेच बसले होते. काठी नाही, दोरी नाही, हातात काही नाही.

आई म्हणाली, "लग्नाला तीस वर्सं झाली. ह्यान्ला रिकामं बसल्यालं आज बघती."

तासभर बघितलं तिनं. उरलेला महाल आमचा राहिलाच.

आम्ही वस्तीवर परतलो तेव्हा दुपार होती. वळणावरून आप्पांनी वर बघितलं आणि थबकले. झऱ्याच्या अलीकडं दोन म्हशी बसलेल्या आणि त्यांच्याजवळ घोंगडी पांघरलेला, मान तिरकी धरलेला एक माणूस. "आयला," आप्पा म्हणाले, "म्या हितंच र्‍हायलो व्हतो का काय?"

घरी काकांनी आधी कागद दिला. आठ दिवसांच्या सगळ्या वेळा लिहिलेल्या होत्या. आमच्या जयपूरमधल्या तिसऱ्या दिवसापुढं होतं, 'विलंब पन्नास मिनिटे. कारण: कंट्रोलर.' तो कागद माझ्या कचेरीतल्या खणात आहे. माझा रंगीत तक्ता कुठं गेला, आठवत नाही.

आई आणि काकू चुलीपाशी बसल्या. एकीच्या अंगावर जयपूरची नवी ओढणी, दुसरीच्या अंगावर पहिलीचं लुगडं. आईनं खिडकीतलं सगळं सांगितलं. आप्पा रिकामे बसले होते, तेही सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझं उलटं झालं हो. चव्वेचाळीस वर्षं संसार केला. मोरी उधळली त्या दिवशी ह्यांना पहिल्यांदा पळताना बघितलं. चप्पल एकीकडं, घोंगडी एकीकडं. 'अगं थांब, अगं थांब' करत. मी हातातलं काम टाकून बघत उभी राहिले."

आप्पांनी काकांकडं बघितलं. काका उठले. त्यांनी घड्याळ बघितलं, घोंगडीची घडी घालायला घेतली, ती नीट जमेना. "चला, साडेचारची गाडी आहे. खाली उतरायला वेळ लागेल मला. निघायला हवं, निघायला हवं."

आप्पांनी त्यांच्या हातातली घोंगडी घेतली आणि पुन्हा खाली अंथरली. मग खांद्याला धरून त्यांना तिच्यावर बसवलं. आईनं पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला.

साडेचारची गाडी खाली पासलीत आली, हॉर्न वाजला, तो आम्हा सगळ्यांना वर ऐकू आला. गाडी तिच्या वेळेला सुटली. काका पाणी पीत होते.